मोटारीच्या दिव्याची कुळकथा

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांतील ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांनीं लहान मोटार बाळगली आहे, त्यांपैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां एक प्रसंग येतोच. गाडी दहाबारा वर्षांची झालेली असते. इमारतीच्या फाटकाशीं ती उभी असतां एखादी रिक्षा मागें सरकते, आणि पुढील दोन दिव्यांपैकीं एकाची कांच जाते. मिस्त्री वाकून पाहतो व म्हणतो, "साहेब, नवा घ्याल तर महाग पडेल, आणि या मॉडेलचा आतां मिळेलच असें नाहीं. जुना बघा. पण त्याच सालचा बघा."

हे शेवटचे चार शब्द ऐकून ऐकून इतके सवयीचे झाले आहेत कीं त्यांच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी कोणास शंका येत नाहीं. वस्तुतः पन्नास वर्षांपूर्वीं याच गांवांत, निदान दिव्याच्या बाबतींत, ते कोणी उच्चारले नसते. फियाटचा दिवा अँबॅसडरला चाले, अँबॅसडरचा जीपला चाले, आणि दुकानदार गाडीचें साल विचारण्याच्या भानगडींत न पडतां फळीवरून खोका काढून पुढें ठेवी. ही सोय कशी उत्पन्न झाली आणि कशी नाहींशी झाली, हें पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय क्षुल्लक दिसेल. परंतु राजवंशांच्या याद्यांपेक्षां अशा वस्तूंच्या वंशावळी आपल्या घरगुती जीवनावर अधिक प्रकाश पाडतात, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. (येथें कोटी करण्याचा हेतु नाहीं.)

मोटार प्रथम निघाली तेव्हां दिवा हा तिचा अवयव नव्हताच. घोडागाडीला कंदील टांगावा तसा तो मागाहून टांगीत. पुढें कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडून निघणाऱ्या ॲसिटिलिन वायूचे दिवे आले. त्यांचा उजेड चांगला, पण ते दरवेळीं उतरून, काडी ओढून पेटवावे लागत. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र दिले, आणि थोडक्याच वर्षांत वायूचे दिवे मागें पडले. मात्र तेज वाढलें तसे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपूं लागले. १९२५ मध्यें जर्मनीच्या ओस्राम कंपनीनें एकाच बल्बांत दोन तारा घालून ही अडचण अर्धी सोडविली: एक तार लांबच्या झोतासाठीं, दुसरी खालच्या झोतासाठीं. आपण ज्याला 'डिपर मारणें' म्हणतों, ती क्रिया या दोन तारांमुळें सुलभ झाली.

उरलेली अर्धी अडचण तारेंत नव्हती, तारेमागच्या आरशांत होती. दिव्याची आंतली वाटी चांदीसारखी चकचकीत असेल तरच उजेड पुढें जातो. फटींतून धूळ व ओल शिरली कीं ती वाटी काळवंडते, आणि बल्ब कितीही चांगला असला तरी रस्ता दिसेनासा होतो. यावर अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९४० च्या गाड्यांपासून जो उपाय योजला तो मोठा धाडसी होता. वाटी, तार आणि पुढची कांच हीं तिन्ही कायमचीं एकत्र डकवून त्यांनीं एक बंद दिवा केला. त्याचा व्यास सात इंच ठरविला आणि कायद्याच्या जोरावर तो सर्व गाड्यांना सारखाच लागू केला. धनिकाच्या पॅकार्डला जो दिवा, तोच शेतकऱ्याच्या फोर्डला. १९५७ पर्यंत त्या देशांत मोटारीला दुसऱ्या मापाचा दिवा बसवितांच येत नव्हता. गाड्यांची रूपें आंखणारे कारागीर या सक्तीवर नाखूष होते, आणि तार जळली कीं अखंड दिवा फेकावा लागे हा दोषही खराच. पण वाटेंत दिवा गेला तर कोणत्याही गांवच्या पेट्रोलपंपावर तो मिळावा, ही सोय लहान नव्हती.

युरोपांत दिवा असा बंद केला गेला नाहीं. तेथें बल्ब मागून निराळा घालण्याचीच रीत राहिली. परंतु ब्रिटिश मोटारींतून सात इंची वाटोळें माप रुळलें, आणि इंग्रजी वळणाच्या आपल्या मोटारधंद्यांत तें त्याच वाटेनें आलें. पुढें १९६१ पासून मद्रासच्या लुकास-टीव्हीएससारखे कारखाने मोटारीचें विजेचें सामान येथेंच करूं लागले. कांच व वाटी मिळून जो एक तुकडा होतो त्याला आमचे मिस्त्री 'डूम' म्हणतात. त्या काळीं डूम ही गव्हाच्या पिठासारखी सर्वसाधारण वस्तु होती. ती कोणत्या घरच्या पोळीसाठीं, हें दुकानांत विचारीत नसत.

या कथेचा आमच्या भागाशीं संबंध जोडणारे गृहस्थ म्हणजे सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. मुंबईंत मोटारींची जुळणी त्यांच्यापूर्वींही होत असे; जनरल मोटर्सनें १९२८ सालींच शिवडीस तसा कारखाना काढला होता. परंतु परदेशांतून पेट्यांत आलेले भाग येथें एकत्र जोडणें निराळें आणि मोटार येथें घडविणें निराळें, हा भेद ज्यांनीं आग्रहानें धरला त्यांत वालचंदांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १९४४ मध्यें त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून क्रायस्लर घराण्याच्या अवजड अमेरिकन गाड्या बाहेर पडूं लागल्या. आपल्या मध्यमवर्गाला परवडेल अशी गाडी मिळाली ती मात्र इटलीच्या फियाटशीं जुळलेल्या संबंधांतून: १९५१ पासून 'फियाट ५००', नंतर 'अकराशें', १९६४ मध्यें 'अकराशें डिलाइट', आणि सत्तरीच्या दशकांत फियाट हें नांव जाऊन 'प्रीमियर पद्मिनी'. वालचंद १९५३ सालीं वारले. पद्मिनीचें नांवही त्यांच्या कानांवर गेलें नाहीं.

त्या दिवसांत मोटार मागणें म्हणजे वर्षानुवर्षें वाट पाहणें. आयात जवळजवळ बंद आणि कारखाने मोजके. त्यामुळें एकदा हातीं आलेली गाडी लोक वीसवीस वर्षें चालवीत, आणि तिचे भाग मोडक्या गाड्यांतून मिळवीत. भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवरील चोर बाजार आणि कुर्ल्याचीं जुन्या भागांचीं दुकानें यांचा उत्कर्ष या टंचाईंतून झाला. ठाण्याचा गृहस्थ रविवारीं सकाळीं लोकल पकडून तेथें जाई तो दरवाजाची मूठ, बॉनेटची पट्टी, पुढची जाळी असल्या वस्तूंसाठीं. चोर बाजारांत आपल्याच गाडीची चोरलेली वस्तु आपणांसच विकत मिळते, ही गोष्ट सर्वांनीं ऐकलेली असते आणि ती स्वतः अनुभवलेला मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. तें असो. दिव्यासाठीं एवढें दूर जावें लागत नसे. तो गांवांतल्या दुकानांत नवा मिळे, आणि जुना हवाच असेल तर शेजाऱ्याच्या मोडीत निघालेल्या अँबॅसडरचाही चाले.

त्या वाटोळ्या दिव्यांवर इतिहासाच्या खुणाही उमटल्या. १९६५ व १९७१ च्या युद्धांत मुंबईंत अंधारबंदी झाली तेव्हां मोटारींच्या दिव्यांवर कागद चिकटले आणि रंग फांसले गेले. युद्धें संपल्यावरही वरचा अर्धा भाग काळा रंगविलेला दिवा कितीतरी वर्षें दिसत राहिला, तो समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून. खालच्या झोताचें जें काम तारेनें करावयाचें तें आपण ब्रशानें केलें.

बदल कोठून आला हें सांगणें अवघड नाहीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या स्वाधीन झाली. १९८६ मध्यें तिचें सगळें अंग बदललें. १९९७ मध्यें पुन्हां चेहरा बदलला, आणि त्याबरोबर दिवेही बदलले. आतां दिवा हा बॉनेटच्या व बंपरच्या रेषेंत मिसळणारा अंगाचाच भाग झाला होता. कारखान्यानें रूप बदललें कीं त्याला बदलणें भागच होतें. नांव 'आठशें'च, पण १९९५ च्या गाडीला १९९८ चा दिवा बसत नाहीं. मिस्त्री 'त्याच सालचा' म्हणतो तो येथून. त्याच सुमारास कांचेची जागा प्लास्टिकनें घेतली. कांच दगडानें फुटे, पण उन्हानें बिघडत नसे. प्लास्टिक सहसा फुटत नाहीं. तें हळूहळू पिवळें व धुरकट होतें, आणि मालकाला वाटतें कीं आपलीच दृष्टि मंद झाली.

तरीही आठशेंच्या मालकाला फारशी चिंता नव्हती. जानेवारी २०१४ मध्यें उत्पादन थांबेपर्यंत ती गाडी पंचवीस लाखांहून अधिक खपली. इतक्या गाड्या रस्त्यावर असल्या कीं कांहीं मोडीत निघतातच, आणि मूळ दिव्याच्या नकला करणारेही पुष्कळ निघतात. म्हणजे पूर्वींची सोय सर्वांचा दिवा एक असल्यामुळें होती. आतांची सोय एकाच जातीच्या गाड्या उदंड असल्यामुळें आहे. या दोहोंतील अंतर ज्याच्या गाडीची जात उदंड नाहीं त्यालाच कळतें. त्याचें उदाहरण शोधण्यासाठीं आम्हांस डोंबिवलीबाहेर जाण्याचें कारण नाहीं.

कल्याण-शीळ रस्त्यालगत प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांना दारें उघडलीं, तेव्हां फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनें प्रीमियरशीं भागीदारी करून 'प्यूजो ३०९' ही गाडी येथें काढली. लोकांनीं हौसेनें नोंदणी केली. अखंड फियाट-अँबॅसडर पाहिलेल्या डोळ्यांना ती गाडी फार देखणी वाटली, आणि ती आमच्या तालुक्यांत तयार होते याचा कल्याण-डोंबिवलीकरांना अभिमानही वाटला. पण १९८५ सालीं इंग्लंडमध्यें जन्मलेली ही गाडी युरोपांत निवृत्त होत असतां आपल्याकडे आली होती. त्यांत कामगारांचे तंटे आणि भागीदारांचा बेबनाव यांची भर पडली, आणि १९९७-९८ च्या सुमारास सारा खेळ आटोपला. मागें राहिल्या त्या थोड्याशा गाड्या आणि त्यांचे मालक.

या ३०९ चा दिवा तिच्या चेहऱ्यापुरताच घडविलेला; तो दुसऱ्या गाडीचा चालत नाहीं. कारखाना बंद, गाड्या मोजक्या, त्यामुळें नक्कल करण्यांत कोणास लाभ नाहीं. शिवाय जुन्या दिव्याच्या बाजारांतला एक साधा हिशेब येथें आडवा येतो. गाडी मोडीत निघते ती पुष्कळदा समोरून आदळून, आणि समोरून आदळलेल्या गाडींत सर्वांत आधीं दिवेच जातात. मागून ठोकर बसलेली किंवा निव्वळ म्हातारपणानें थकलेली गाडी मिळेल तेव्हांच दिव्याची जोडी शाबूत हातीं येते. गाड्या लाखांनीं असतील तर असे योग वरचेवर येतात. शेकड्यांनीं किंवा हजारांनीं असतील तर एकेका दिव्यासाठीं महिने जातात. जी गाडी शीळ रस्त्यावर तयार झाली तिचा दिवा शीळफाट्याच्या भंगाराच्या वखारींतून मिळूं नये, ही अवस्था आमच्या मतें त्या कारखान्याच्या बंद दारापेक्षां अधिक बोलकी आहे.

कोणी म्हणेल, परदेशांतून मागवावा. तेथें एक विलक्षण पेंच आहे, आणि तो सर्वच परदेशी जुन्या दिव्यांना लागू असल्यामुळें थोडें थांबून सांगतों. १९५७ पासून युरोपांत खालच्या झोताला एकांगी आकार आला. झोत समोरच्याच्या बाजूला सपाट कापलेला असतो आणि आपल्या कडेला सुमारें पंधरा अंशांनीं वर चढतो, म्हणजे रस्त्याच्या कांठानें चालणारा मनुष्य दिसावा. आपण डाव्या बाजूनें चालतों म्हणून आपला झोत डावीकडे चढावा लागतो. फ्रान्समध्यें उजवीकडून चालतात. तेथला दिवा येथें लावला तर तो नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत चढतो, आणि ज्याला दिसावयास हवें तो पादचारी अंधारांत राहतो. त्यांतून फ्रान्समध्यें १९९३ पर्यंत पिवळ्या उजेडाची सक्ती होती ती निराळीच. सुदैवानें ३०९ इंग्लंडांत कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन येथेंही तयार होत असे, आणि इंग्रज आपल्यासारखाच डावीकडून चालतो. म्हणून डोंबिवलीच्या गाडीला पॅरिसचा दिवा अपात्र आणि इंग्लंडच्या भंगारांतला पात्र!

हा भेद ओळखण्याची खूण दिव्यावरच असते. युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर वर्तुळांत 'ई' हें रोमन अक्षर व देशाचा अंक असतो. दिव्याकडे तोंड करून उभें राहिल्यास उजवीकडे रोखलेला बाण दिसला तर तो डाव्या वाहतुकीचा. दुतोंडी बाण असला तर दोन्हींकडे चालणारा. बाण मुळींच नसला तर उजव्या वाहतुकीचा. जुन्या बाजारांत 'इंपोर्टेड' म्हणून जे दिवे गौरवानें पुढें केले जातात त्यांवर ही खूण पाहणारे गिऱ्हाईक आम्हांस फारच थोडें दिसलें. रात्रीं शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर समोरून येणारा एखादा दिवा खाली होऊनही डोळ्यांत भाल्यासारखा घुसतो, त्याचें एक कारण असा परका किंवा वांकडा बसविलेला दिवा हें असतें. वाहतुकीचे १९८९ चे केंद्रीय नियम समोरच्याचे डोळे दिपवूं नयेत असें स्पष्ट सांगतात. पण नियम दिव्याच्या कांचेवर छापलेला नसतो.

अनुभवी मिस्त्री जुना दिवा घेतांना काय पाहतो हेंही नमूद करण्याजोगें आहे, कारण या ज्ञानाचीं पुस्तकें नाहींत. उजवा कीं डावा हें तर पोरही पाहील. तो प्रथम दिवा उलटा करून मागचे कान तपासतो, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत स्क्रू बसतात त्या. कान तुटलेला असेल तर दिवा कितीही स्वच्छ असो, तो खड्ड्याखड्ड्याला थरथरणार. डिंकानें चिकटविलेला कान तो नखानें ओळखतो. मग आंतली वाटी: तिच्यावर डाग किंवा पापुद्रे असतील तर दिवा परत, कारण बाहेरचें प्लास्टिक घासून पुन्हां चकचकीत करतां येतें, वाटीला तसा उपाय नाहीं. आंत वाफ धरलेली दिसली तर शिवण उघडली आहे असें समजावें. नंतर बल्बाची बैठक आणि तारांचा जोड. एकाच गाडीच्या स्वस्त व महाग प्रकारांत हे भिन्न असतात, आणि झोत खालींवर करणारी लहान मोटर एकांत असते, दुसऱ्यांत नसते. शेवटीं तो दिवा भिंतीसमोर पेटवून झोताची कापलेली रेघ पाहतो. ती रेघ स्वच्छ दिसली कीं मगच भावाची गोष्ट निघते, आणि मग पुढचा अर्धा तास जातो.

या व्यवहारावर कायद्याची सावली पूर्वीं केवळ चोरीच्या मालापुरती होती. आतां ती लांबत आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं ठाण्याच्या किंवा कल्याणच्या परिवहन कार्यालयांत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते, आणि त्या वेळीं दिवे धड असावेच लागतात. कित्येक जुन्या गाड्यांचें आयुष्य त्या दिवशीं एका दिव्यावर लटकलेलें असतें. टॅक्सींना मुंबईंत वीस वर्षांची मर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कार्यालयांत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या हिशेबानें २०२३ च्या ऑक्टोबर अखेर रस्त्यावरून गेली. २०२१ च्या नियमांनीं तर मोडीचा धंदाच परवान्याखालीं आणला. परवानाधारक केंद्रांत गाडी दिली कीं प्रमाणपत्र मिळतें, आणि नव्या गाडीवर त्याचा कांहीं लाभही होतो. विषारी तेलें व बॅटऱ्या उघड्यावर न सांडतां गाड्या मोडल्या जाव्यात हा हेतु योग्यच आहे. मात्र ज्या गृहस्थाला पंधरा वर्षांची गाडी आणखी पांच वर्षें चालवावयाची आहे त्याला दुसऱ्याच्या मोडलेल्या गाडींतला शाबूत दिवा पूर्वींइतका सहज मिळेल कीं नाहीं, हा प्रश्न त्या गृहस्थाच्या दृष्टीनें लहान नाहीं.

दरम्यान दिव्याची जात पुन्हां बदलली आहे. नव्या मोटारींपैकीं पुष्कळांत आतां बल्ब नसतोच. एलईडीचे कण दिव्यांत कायमचे बसविलेले असतात, आणि ते गेले तर बहुधा सबंध दिवाच बदलावा लागतो. अमेरिकेचा १९४० चा बंद दिवा अशा रीतीनें परत आला. फरक एवढाच कीं तेव्हां तो सर्व गाड्यांना एक होता आणि स्वस्त होता. सात इंची वाटोळी डूम जीपवाल्यांसाठीं अजून नवी मिळते. या नव्या दिव्यांच्या गाड्या मात्र मोडीत निघण्याइतक्या जुन्या झालेल्या नाहींत, म्हणून शीळफाट्याच्या वखारींत त्यांचे दिवे अजून थोडेच दिसतात. जे दिसतात त्यांच्या पाठीवर एक लहान पेटी असते. कांहीं गाड्यांत त्या पेटीचा क्रमांक गाडीशीं जुळला नाहीं तर दिवा पेटत नाहीं, म्हणून तेथला दुकानदार हल्लीं साल विचारून झाल्यावर जुना दिवा बरोबर आणला आहे का, असेंही विचारतो.